प्रार्थना आणि रोजचा व्यवहार

तत्त्वज्ञान, प्रार्थना आणि रोजची नीती यांची आपण समाजात एक सोयीची वाटणी करून टाकली आहे. तत्त्वज्ञान पंडितांनी पाहावे, प्रार्थना भाविकांनी करावी आणि नीती शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासाला शिकवावी. या वाटणीत तिघांचेही नुकसान झाले आहे. तत्त्वज्ञान नुसता वाद होऊन बसले, प्रार्थना सवयीची झाली आणि नीती भाषणापुरती उरली. ख्रिस्ती परंपरेचा आणि विशेषतः महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती विचारवंतांचा आधार घेऊन मी आज एकच गोष्ट मांडणार आहे. प्रार्थना ही अशी जागा आहे, जिथे माणसाला स्वतःची वकिली करता येत नाही. म्हणूनच ती विचाराला प्रामाणिक ठेवते. आणि ती खरी होती की नाही, याचा निकाल चर्चमध्ये लागत नाही. तो वजनकाट्यावर, मजुरीच्या वाटपात आणि घरातल्या वागण्यात लागतो. मी ख्रिस्ती श्रद्धेच्या आतून बोलतो आहे आणि ते लपवण्याचे मला कारण नाही. पण युक्तिवाद सगळ्यांसमोर ठेवतो आहे, तो कोणत्याही धर्माच्या किंवा निधर्मी श्रोत्याने तपासावा.

सुरुवात गोंदियाच्या याच परिसराशी जोडलेल्या एका घटनेपासून करतो. नारायण वामन टिळक 1893 च्या सुमारास राजनांदगाव संस्थानात नोकरीला निघाले होते. महाराष्ट्रातून राजनांदगावला नेणारा लोहमार्ग म्हणजे आपलाच मार्ग, नागपूरहून गोंदिया, आमगाव, सालेकसा, डोंगरगड असा जाणारा. त्या प्रवासात एका परदेशी मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली, गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या आणि निरोप घेताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. टिळक तेव्हा नवखे जिज्ञासू नव्हते. नागपुरात राहून त्यांनी संस्कृत ग्रंथांवर काम केले होते, ते कवी होते, वक्ते होते आणि देशाच्या उद्धारासाठी एखाद्या नव्या धर्माची मांडणी करावी असा विचार त्यांच्या मनात घोळत होता. लक्षात राहण्याजोग्या जागांवर खुणा करत पुस्तक वाचायचे, असे त्यांनी ठरवले. वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांचा पाय निघेना. हिंदू तत्त्वज्ञानातल्या अतिशय अवघड प्रश्नांची उत्तरे आपल्याला त्या तीन अध्यायांत मिळाली, असे त्यांनी पुढे नोंदवून ठेवले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांच्या या कबुलीकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते. मत्तयाचे पाच ते सात हे तीन अध्याय उघडून पाहा. त्यांत ब्रह्म आणि जग यांच्या संबंधाची चर्चा नाही, आत्म्याच्या अमरत्वाचा पुरावा नाही, कार्यकारणभावाचा ऊहापोह नाही. राग कसा आवरावा, शपथ का घेऊ नये, स्त्रीकडे कोणत्या नजरेने पाहू नये, कर्ज मागायला आलेल्याकडे पाठ का फिरवू नये, दानाचा गाजावाजा का करू नये, दार लावून प्रार्थना का करावी आणि दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढण्याआधी स्वतःच्या डोळ्यातल्या मुसळाचे काय करावे, एवढेच विषय तिथे आहेत. मग एका व्युत्पन्न पंडिताला तिथे तत्त्वज्ञानाच्या कूट प्रश्नांची उत्तरे कशी दिसली? माझ्या मते टिळकांना तिथे एक वेगळी दिशा सापडली. परम सत्य काय आहे, हे आधी ठरवायचे आणि मग त्यानुसार जगायचे, ही पंडिताची नेहमीची वाट. डोंगरावरील प्रवचन म्हणते की ज्याच्याशी तुझे भांडण आहे त्याच्याकडे आधी जा, देवाच्या वेदीवरचे अर्पण तिथेच ठेवून जा, समेट कर आणि मग परत ये. सत्याकडे जाणारा रस्ता शेजाऱ्याच्या दारावरून जातो. ज्ञानासाठी बुद्धीची तयारी लागते, हे सगळेच मानतात. इथे ज्ञानासाठी चारित्र्याची तयारी मागितली आहे. हा तत्त्वज्ञानातलाच एक मोठा सिद्धांत आहे, फक्त तो रोजच्या भाषेत सांगितलेला आहे.

या सिद्धांताला ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात भक्कम आधार आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीनने आत्मनिवेदन लिहिले. काळ म्हणजे काय, स्मृती म्हणजे काय, दुष्टता कुठून येते, असे तत्त्वज्ञानातले गहन प्रश्न त्यात आहेत. पण संपूर्ण पुस्तक देवाला उद्देशून लिहिलेले आहे, म्हणजे ती एक प्रदीर्घ प्रार्थना आहे. अकराव्या शतकात अन्सेल्मने ईश्वराच्या अस्तित्वाचा जो प्रसिद्ध तर्क मांडला, ज्यावर आजही विद्यापीठांत वाद झडतात, तो तर्कही एका प्रार्थनेच्या पोटात आला आहे. हे निव्वळ लेखनशैलीचे प्रकरण नव्हे. ऑगस्टीन स्वतः चोरलेल्या फळांबद्दल लिहितो तेव्हा वाचकाला भुलवणे त्याला शक्य होते, पण ज्याला सगळे ठाऊक आहे त्याच्यासमोर तो ते करू शकत नव्हता. ऐकणारा बदलला की विचार मांडणाऱ्याची भाषा बदलते, आणि भाषा बदलली की विचारही अधिक खरा होतो.

मराठी मुलखात हीच गोष्ट पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. त्यांच्या आधीच्या पिढीत नीलकंठशास्त्री गोरे यांनी षड्दर्शनांची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला होता. ख्रिस्ती धर्माचे खंडन करण्यासाठी अभ्यासाला बसलेला हा शास्त्री 1848 मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाला. रमाबाईंच्या निर्णयामागे गोऱ्यांच्या लेखनाचाही वाटा होता. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यानंतर त्यांनी तिथल्या धर्मभगिनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी जो पत्रव्यवहार केला, तो आज्ञाधारक शिष्येचा नाही. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, मतप्रतिज्ञा या सगळ्यांवर त्यांनी प्रश्न विचारले. स्वदेशातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवल्यावर दुसऱ्या पुरोहितांचे जोखड मी घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. विवेकबुद्धी गहाण टाकून मिळणारी श्रद्धा त्यांना नको होती. बुद्धीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तरी खुद्द ख्रिस्त आपल्याला बरीच वर्षे भेटलाच नव्हता, हेही पुढे 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी तितक्याच मोकळेपणाने सांगितले. प्रश्न विचारणारी रमाबाई आणि गुडघे टेकणारी रमाबाई एकच आहे, दोघींना वेगळे करता येत नाही. आणि या दोघींची कसोटी लागली ती 1896–97 च्या दुष्काळात. तेव्हा आजचा गोंदिया जिल्हा मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्याचा भाग होता. त्या मध्य प्रांतात रमाबाई स्वतः आल्या आणि उपाशी, निराधार मुलींना सोबत घेऊन गेल्या. लहानपणी दुष्काळातच आईवडील आणि बहीण गमावलेल्या या बाईला भूक पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मुलींना प्रार्थना शिकवली तशीच शेती, विणकाम आणि छपाईही शिकवली.

आता मी माझ्या मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. माणसाची बुद्धी मोठी आहे, पण ती एका कामात फार तरबेज आहे. जे करायचे आधीच ठरवले आहे, त्यासाठी ती कारणे शोधून देते. कमी मजुरी देणाऱ्याकडे बाजारभावाचे कारण असते, लाच घेणाऱ्याकडे मुलीच्या लग्नाचे, खोटी साक्ष देणाऱ्याकडे गावच्या भल्याचे. ही कारणे मूर्ख माणसे देत नाहीत, शहाणी माणसे देतात. तेव्हा नीतीचा खरा प्रश्न काय योग्य आहे हे कळण्याचा फारसा नाही. ते बहुतेक वेळा कळलेले असते. प्रश्न असतो तो कळलेले मान्य करण्याचा. आणि मान्य का होत नाही? कारण दोष मान्य करणे परवडत नाही. जो समाज चुकलेल्याला फक्त लाज देतो, त्या समाजात माणूस चूक लपवायला शिकतो. कबुली दिली तर आपण संपलो, अशी भीती त्याला वाटते. ख्रिस्ती प्रार्थना नेमकी इथे वेगळी ठरते. तिच्यात सगळे ठाऊक असलेला आणि तरीही क्षमा करायला तयार असलेला कोणीतरी समोर आहे, अशी धारणा आहे. समोर फक्त सर्वज्ञ न्यायाधीश असता तर माणूस पळाला असता. समोर फक्त लाड करणारा असता तर माणूस सुधारला नसता. सत्य आणि क्षमा एकत्र भेटतात, तेव्हाच दोष पाहण्याची किंमत सोसवते. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात गेलेल्या दोघांचा दाखला आहे. धर्मनियम काटेकोर पाळणारा परुशी आपल्या उपवासांचा आणि दानाचा पाढा वाचतो, जकातदार मान खाली घालून फक्त दया मागतो, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो दुसरा. पहिल्याने प्रार्थनेतही स्वतःची वकिली चालू ठेवली होती.

पण क्षमेवर गाडी थांबली तर ती स्वस्त होते, म्हणून येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत एक अट आहे. आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली तशी आम्हांला कर, असे मागायचे आहे. ती प्रार्थना शिकवून झाल्यावर मत्तयाच्या वृत्तांतात येशू एकाच मागणीवर पुन्हा येतो आणि ती हीच. लूकच्या शुभवर्तमानात येशू स्वतःहून जक्कय या जकातदाराच्या घरी उतरतो, तेव्हा जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे जाहीर करतो. पश्चात्ताप म्हणजे डोळ्यांतले पाणी, असा समज त्या घटनेत टिकत नाही. तिथे पश्चात्तापाला हिशेबाची वही लागते. कोणाचे किती घेतले, त्याचे नाव काय आणि ते परत कधी करणार, हे प्रश्न प्रार्थनेच्या आतले आहेत, बाहेरचे नाहीत.

आपल्या जिल्ह्यात हा विचार कुठे लागू पडतो ते पाहू. हा धानाचा जिल्हा आहे. मळणी झाली की शेतकरी धान घेऊन आधारभूत खरेदी केंद्रावर येतो. ग्रेडर ओलावा तपासतो, 17 टक्क्यांच्या आत असेल तर धान स्वीकारले जाते, हमाल बारदाना भरून काट्यावर ठेवतात. त्या काट्यासमोर शेतकरी उभा असतो आणि काट्यामागे जो उभा असतो त्याच्या हातात फार मोठी सत्ता असते. पुढे वाळून तूट येईल म्हणून दर पोत्यामागे थोडे जास्त घ्यायचे की नाही, ओलाव्याचा आकडा अठरा म्हणायचा की सतरा, ओळखीच्याचे ट्रॅक्टर आधी घ्यायचे की रांगेतले, हे सगळे तिथे दोन मिनिटांत ठरते. तेच धान भरडाईला गिरणीत जाते. कच्च्या तांदळाच्या सरकारी निकषाप्रमाणे एका क्विंटल धानामागे 67 किलो तांदूळ जमा करायचा असतो, आणि तो तांदूळ शेवटी रेशनच्या दुकानातून एखाद्या मजुराच्या ताटात पडतो. या साखळीतली बहुतेक माणसे देवाला मानणारी असतात. काट्याजवळ देवाचा फोटो असतो, गिरणी सुरू करताना उदबत्ती लावली जाते, एखाद्याच्या गळ्यात क्रूसही असतो. प्रश्न एवढाच आहे की सकाळच्या प्रार्थनेचा आणि दुपारच्या काट्याचा काही संबंध आहे का.

बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याने हा प्रश्न ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात विचारला. तो मेंढपाळ होता, पुरोहित नव्हता. त्याच्या काळातले व्यापारी शब्बाथ पाळत होते, पण मनात घाई अशी की हा पवित्र दिवस कधी संपतो आणि आपण धान्याचा बाजार कधी मांडतो. माप लहान करायचे, वजन जड करायचे आणि गव्हाचा केरकचराही गरिबाच्या पदरात घालायचा, हा त्यांचा धंदा. लेवीयच्या पुस्तकात खऱ्या वजनमापांची आज्ञा आहे आणि तिला थेट देवाच्या नावाची मोहोर आहे. याकोबाच्या पत्रात शेतात राबलेल्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच देवाच्या कानी ओरडते आहे. बायबलला पूजाविधी आणि वजनकाटा यांत फारकत मान्य नाही. देव काट्याच्या दोन्ही बाजूंना पाहतो असे जो मानतो, त्याने काटा मारून प्रार्थना केली तर ती प्रार्थनाच खोटी साक्ष ठरते.

दुसरे उदाहरण बिडीचे. संध्याकाळी घरोघरच्या बायका वळलेल्या बिड्यांचे कट्टे घेऊन सट्टेदाराकडे येतात. तपासणारा एक एक कट्टा हातात घेतो, बोटांनी दाबून पाहतो आणि सैल, आखूड किंवा पान फाटलेली बिडी बाजूला टाकतो. ही छाट. छाटलेल्या बिडीची मजुरी कापली जाते. चांगली बिडी कोणती आणि वाईट कोणती, हा निर्णय क्षणार्धात होतो आणि बाईला त्यावर बोलायला फारशी जागा नसते. तेंदूपान जुने आणि कडक मिळाले असेल तर दोष पानाचा, पण कापली जाते तिची मजुरी. सिमोन वेल या फ्रेंच तत्त्वचिंतक स्त्रीने 1934–35 मध्ये कारखान्यात कामगार म्हणून काम केले आणि पुढे असे मांडले की प्रार्थनेचे मर्म लक्ष देण्यात आहे, आणि दुःखी माणसाकडे पूर्ण लक्ष देण्याची ताकद हीच शेजारप्रीती. मला हे फार महत्त्वाचे वाटते. छाट करणाऱ्याने समोरच्या बाईकडे खरोखर पाहिले, तर काय होईल? तिची बोटे दिसतील, तंबाखूच्या धुळीने येणारा खोकला ऐकू येईल, तिच्या मुलीने शाळेनंतर वळलेल्या बिड्या ओळखू येतील. अन्याय बहुतेक वेळा क्रौर्यातून येत नाही, न पाहण्यातून येतो. प्रार्थनेने जर पाहण्याची सवय लागत नसेल, तर तिच्यात काहीतरी मुळातच चुकते आहे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप जुना आहे. देव सर्वज्ञ असेल तर त्याला सांगायचे काय आणि मागायचे काय? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने याचे उत्तर दिले. आपण देवाचा बेत बदलण्यासाठी प्रार्थना करत नाही. काही गोष्टी प्रार्थनेच्या मार्गानेच घडाव्यात हाही त्याच्या बेताचाच भाग आहे. पाऊस देवाच्या हाती आहे म्हणून शेतकरी पऱ्हे टाकणे थांबवत नाही, कारण पेरणी हीसुद्धा पीक येण्याच्या कारणांपैकी एक आहे. प्रार्थनाही तशीच एक पेरणी आहे, आणि तिचे पहिले पीक प्रार्थना करणाऱ्याच्याच मनात येते. शत्रूसाठी रोज प्रार्थना करणारा माणूस फार दिवस त्याचा तितकाच कट्टर शत्रू राहू शकत नाही. ज्याचे नाव देवासमोर घेतले, त्याला दुसऱ्या दिवशी चावडीवर शिवी देणे जड जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो या मातीत अधिक आदराने ऐकला पाहिजे. नीतीसाठी प्रार्थनेची गरजच काय? इमॅन्युएल कांटने 1793 मध्ये धर्मावरच्या आपल्या ग्रंथात मागणीच्या प्रार्थनेला अंधश्रद्धेच्या जवळ नेऊन ठेवले आणि नैतिक हेतूलाच खरी उपासना मानले. आणि 1954 साली ज्या भंडारा मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, त्या परिसरात आपण बसलो आहोत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सांगितले की धम्मात प्रार्थनेला आणि कर्मकांडाला स्थान नाही, नीती हेच धम्माचे सार आहे. या भूमिकेपुढे ख्रिस्ती माणसाने आधी मान लववावी, कारण त्याचा स्वतःचा ग्रंथही अर्धी वाट तिच्यासोबत चालतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे जे चित्र आहे, त्यात तुम्ही किती प्रार्थना केली असा प्रश्नच नाही. भुकेल्याला अन्न दिले का, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि बंदिवानाची विचारपूस केली का, एवढेच विचारले आहे. प्रार्थना न करणारा पण काट्यावर खरा राहणारा बौद्ध उपासक, प्रार्थना करून काटा मारणाऱ्या ख्रिस्ती माणसापेक्षा ख्रिस्ताच्या अधिक जवळ आहे, हे मी निःशंकपणे म्हणतो.

मग प्रार्थना कशासाठी? नास्तिक किंवा धम्मानुयायी माणसाला कमी लेखण्यासाठी नव्हे. त्यांच्याजवळ आत्मपरीक्षणाची त्यांची साधना आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की निव्वळ आत्मपरीक्षणात तपासणारा आणि तपासला जाणारा एकच असतो, आणि स्वतःच स्वतःचा पेपर तपासणाऱ्याला सवलत देण्याचा मोह टाळणे कठीण आहे. जे तो टाळतात त्यांना माझा नमस्कार. ज्यांना तो टाळता येत नाही, आणि अशांमध्ये मी आहे, त्यांना दुसऱ्या कोणाला तरी जाब द्यावा लागतो. शिवाय, जे नुकसान भरून देता येत नाही, ज्याच्यावर अन्याय केला तो माणूसच हयात नाही, त्या अपराधाचे काय करायचे? नीतिशास्त्र तिथे दोष दाखवते आणि थांबते. प्रार्थना तिथे दोष कबूल करून पुन्हा चालायला लावते. आणि तिसरे म्हणजे सामूहिकता. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना विदर्भाच्या गावागावांत नेली आणि तिच्यासोबत ग्रामसफाई, श्रमदान आणि व्यसनमुक्तीही नेली. प्रार्थनेतून उठलेल्या माणसाच्या हाती खराटा दिसला पाहिजे, हे सांगण्यासाठी आपल्याला दूरचे दाखले शोधायची गरज नाही.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे. प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती राष्ट्रांनी गुलामांचा व्यापार केला, वसाहती लुटल्या. आपल्याकडच्या चर्चमध्येही जात शिरली, बाकांवर बसण्यात आणि सोयरिकी जुळवण्यात ती दिसत राहिली. हा आरोप खरा आहे आणि त्याला दुसऱ्यांचे दोष दाखवून उत्तर देता येत नाही. मी फक्त इतके म्हणेन की हा आरोप करण्याचे मापही त्याच परंपरेत आहे. येशूचे सर्वांत कठोर शब्द चौकाचौकांत उभे राहून लांबलचक प्रार्थना करणाऱ्यांसाठी आहेत. मराठी ख्रिस्ती परंपरेने हे माप स्वतःला लावूनही पाहिले आहे. टिळकांना मिशनचा परकेपणा खटकत होता. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे मानणाऱ्या या कवीने 1917 मध्ये मिशनचे काम सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा दिली. आणि खुद्द टिळकांच्या भक्तीची तपासणी कोणी केली? लक्ष्मीबाईंनी. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर त्या पाच वर्षे आपल्या मतावर राहिल्या, स्वतःच्या विचाराने जातीची बंधने सोडली आणि 1900 मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी टिळकांचे औदार्य लिहिले, त्यासोबत त्यांचा संताप आणि घरात काय आहे नाही ते न पाहता देऊन टाकण्याची वृत्ती हेही लिहिले. त्यात द्वेष नाही, तशी आरतीही नाही. साधुपुरुषाच्या प्रार्थनेचे मोल त्याच्या घरच्या माणसाला विचारावे, हा धडा मराठी ख्रिस्ती साहित्याने एका स्त्रीच्या लेखणीतून दिला आहे.

शेवटचा आक्षेप कार्यकर्त्यांचा. प्रार्थना माणसाला गप्प बसवते, अन्याय व्यवस्थेत असतो आणि तो कायद्याने व संघटनेने हटतो, गुडघे टेकून नाही. यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. बिडी कामगारांसाठी 1966 चा कायदा झाला, त्यात छाटीवरून होणाऱ्या वादांचीही दखल घेतली गेली. ते काम भजनाने झाले नसते. पण कायदा राबवतो कोण? तपासणीला येणारा अधिकारी, वहीत नोंद करणारा कारकून, साक्ष द्यायची की नाही हे ठरवणारा शेजारी. या प्रत्येकाच्या मनात एक क्षण असा येतो, जेव्हा त्याला कोणी पाहत नसते आणि कायदाही दूर असतो. त्या क्षणी माणूस कोणाला उत्तरदायी आहे, हा प्रश्न उरतोच. आणि जी प्रार्थना माणसाला गप्प बसवते, तिला संदेष्ट्यांनी कधीच प्रार्थना मानले नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आयुष्यभर धर्मोपदेशकाचे काम केले, बायबल सोप्या मराठीत आणले आणि त्याच वसईच्या हिरवाईसाठी ते लोकांबरोबर रस्त्यावरही उतरले. त्यांची उपासना त्यांना आंदोलनापासून रोखत नव्हती, उलट त्यासाठी धीर देत होती.

म्हणून माझे निष्कर्ष साधे आहेत. विचार करणाऱ्याने प्रार्थनेला भाबडेपणा समजू नये, कारण तिच्यात स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची हिंमत लागते. प्रार्थना करणाऱ्याने प्रश्नांना घाबरू नये, कारण रमाबाईंचा देव प्रश्नांनी रागावला नाही. आणि दोघांनीही आपला निकाल स्वतः लावू नये, तो आपल्यासोबत व्यवहार करणाऱ्यांवर सोपवावा. माझी आपणा सर्वांना, आणि माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना विशेषतः, एक विनंती आहे. आज रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा देवाकडे काही मागण्याआधी, आपण ज्याचे देणे लागतो अशा एका माणसाचे नाव आठवा. ते देणे पैशाचे असेल, मजुरीचे असेल, माफीचे असेल. आणि उद्या दिवस मावळण्याआधी त्याच्याकडे जाऊन ते फेडा.